संमतीपत्रावर सही करण्याआधी

घरात कर्करोगाचा रुग्ण निघाला की सगळे घर हादरते. फुलपाडा, मनवेलपाडा, चंदनसार या विरार पूर्वेच्या वस्त्यांतून कितीतरी कुटुंबे रिपोर्टांची फाईल प्लास्टिकच्या पिशवीत घालून पहाटेची लोकल पकडतात आणि दादरला उतरून परळ गाठतात. केसपेपर निघतो, तुकडा तपासायला जातो, रांगा लागतात. आणि एखाद्या दिवशी डॉक्टर चार-सहा पानांचा कागद पुढे ठेवून म्हणतात, "एका संशोधनात तुमच्यावर उपचार करता येतील. वाचा, घरी बोला, पटले तर सही करा."

या कागदाला संमतीपत्र म्हणतात. तो पुढे आला की आपल्या माणसांचे दोन प्रकार दिसतात. काहीजण म्हणतात, "आमच्यावर प्रयोग करणार काय? आम्ही काय उंदीर आहोत?" आणि उठून जातात. काही तर चांगला चालू असलेला उपचारही सोडतात. दुसरे म्हणतात, "डॉक्टरसाहेब देवमाणूस आहेत, ते म्हणतात तर असेलच बरोबर," आणि एक ओळही न वाचता सही ठोकतात किंवा अंगठा उठवतात. वाचकहो, ही दोन्ही माणसे नुकसानीत जातात. पहिला भीतीने आणि दुसरा आंधळ्या विश्वासाने.

मी डॉक्टर नाही, साधा कारकून आहे. दिवसभर कागद वाचणे आणि त्यावर सही कोणाची, कशासाठी हे पाहणे हेच माझे काम. वस्तीत कोणी आजारी पडले की लोक फाईल घेऊन येतात, म्हणून या विषयात जेवढे वाचले, समजून घेतले, तेवढे आपल्यापुढे मांडतो.

एक गोळी, अनेक आजार

आधी एका स्वस्त गोळीची हकीकत पाहू. तिचे नाव मेथोट्रेक्सेट. डोळा, त्वचा आणि कर्करोग या तिन्ही ठिकाणी ती वापरली जाते. आपल्यापैकी काहींच्या घरात ती असेलही.

१९४८ साली अमेरिकेतील बोस्टन शहरात डॉ. सिडनी फार्बर यांनी रक्ताच्या कर्करोगाने मरणाच्या दारात असलेल्या १६ मुलांना ॲमिनॉप्टेरिन नावाचे औषध दिले. त्यांतील १० मुलांमध्ये काही काळ सुधारणा दिसली. तोवर या रोगावर कोणत्याही औषधाचा असा गुण आला नव्हता. हे औषध आणि पुढे त्याच जातीचे मेथोट्रेक्सेट तयार करणाऱ्या पथकाचे प्रमुख होते डॉ. यल्लाप्रगडा सुब्बाराव. आंध्रातील भीमावरमला गरिबीत जन्मलेला हा माणूस अमेरिकेत जाऊन शास्त्रज्ञ झाला.

पुढे १९५१ मध्ये सांधेदुखीच्या रुग्णांना ॲमिनॉप्टेरिन देत असताना डॉक्टरांना दिसले, की सोरायसिस असलेल्या रुग्णाच्या अंगावरचे चट्टे विरत चालले आहेत. सोरायसिस म्हणजे अंगावर लालसर चट्टे उठून त्यावर पांढऱ्या खपल्या धरणारा आजार. तो संसर्गाचा नाही, तरी लोक अशा माणसाच्या शेजारी बसायला कचरतात. तेव्हापासून कर्करोगाचे औषध त्वचेच्या आजारातही आले.

मग डोळा. डोळ्याच्या आत सूज येण्याच्या आजाराला युव्हायटिस म्हणतात. उपचार झाला नाही तर दृष्टी जाते. त्यावर मेथोट्रेक्सेट आणि मायकोफिनोलेट ही दोन औषधे वापरली जात. यांतले सरस कोणते? अनेक डॉक्टरांना मायकोफिनोलेट सरस वाटे. मग भारतातील अरविंद नेत्र रुग्णालयांसह अमेरिका, ऑस्ट्रेलिया, मेक्सिको आणि सौदी अरेबिया येथील केंद्रांत २१६ रुग्णांवर दोन्हींची तुलना झाली. निकाल २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. सहा महिन्यांनी मेथोट्रेक्सेट घेणाऱ्या १०० पैकी सुमारे ६७ जणांत उपचार यशस्वी ठरला आणि दुसऱ्या औषधाच्या गटात सुमारे ५७ जणांत. हा फरक योगायोगानेही पडू शकतो इतपतच होता. पण मायकोफिनोलेट सरस नाही, हे स्पष्ट झाले. जुनी गोळी मागे पडली नाही.

इथे घरातल्या सर्वांसाठी एक महत्त्वाची सूचना. सोरायसिस, सांधेदुखी आणि युव्हायटिस या आजारांत ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, रोज नाही. चुकून रोज घेतल्याने माणसे दगावली आहेत. गोळीचा वार ठरवून तो पाकिटावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा. गरोदर स्त्रीने किंवा मूल हवे असणाऱ्या जोडप्याने डॉक्टरांना आधी सांगितल्याशिवाय ती घेऊ नये. रक्ताची तपासणी सांगितली असेल तर चुकवू नये.

खरे-खोटे कसे ठरते?

आता मुख्य प्रश्न. औषधाचा गुण आला हे ठरवायचे कसे? "आमच्या शेजाऱ्याला अमक्या मुळीने बरे वाटले" हा पुरावा होत नाही. तो माणूस आपोआप बरा झाला असेल, किंवा सोबत दुसरे औषध चालू असेल. जमाखर्चाच्या वहीत फक्त जमेची बाजू लिहून ताळा जुळत नाही, खर्चाची बाजूही लागते. तसेच इथे आहे. नवा उपचार घेणारा एक गट आणि जुना, प्रचलित उपचार घेणारा दुसरा गट, असे दोन्ही शेजारी ठेवून मोजावे लागतात.

कोणी कोणत्या गटात जायचे हे डॉक्टर ठरवत नाहीत आणि रुग्णही ठरवत नाही. चिठ्ठी टाकल्यासारखे ते ठरते. आता हे काम संगणक करतो. कारण डॉक्टरने निवड केली तर तो नकळत धडधाकट रुग्ण नव्या औषधाकडे पाठवील आणि औषध आहे त्यापेक्षा चांगले दिसेल. काही वेळा कोणाला कोणते औषध चालू आहे हे रुग्णाला आणि डॉक्टरलाही कळू देत नाहीत. यात फसवणूक नाही, पक्षपात टाळण्याची ती रीत आहे. मात्र तसे केले जाणार आहे, हे संमतीपत्रात आधी लिहिलेले असले पाहिजे.

अशा चाचणीवाचून काय होते, याचे भयंकर उदाहरण म्हणजे थॅलिडोमाइड. १९५७ पासून जर्मनीत आणि पुढे अनेक देशांत झोपेसाठी आणि गरोदरपणातील मळमळीसाठी ते सर्रास विकले गेले. पोटातल्या गर्भावर काय परिणाम होतो हे नीट तपासलेच नव्हते. दहा हजारांहून अधिक बालके हातापायांचे व्यंग घेऊन जन्मली आणि १९६१ च्या अखेरीस औषध मागे घ्यावे लागले. पण तेच औषध पुढे कडक बंधनांखाली कामाला आले. कुष्ठरोगात अंगावर दुखऱ्या लाल गाठी आणि ताप आणणारी एक प्रतिक्रिया येते. जेरुसलेमच्या डॉ. जेकब शेस्किन यांना तिच्यावर या औषधाचा गुण दिसला. १९९९ मध्ये मल्टिपल मायलोमा या कर्करोगातही त्याचा उपयोग सिद्ध झाला. विष आणि औषध यांतला फरक मात्रा, रोग आणि नीट केलेली तपासणी यांनी पडतो.

परळच्या संशोधनाने काय दिले?

परळचे टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ साली सुरू झाले. तिथे उपचाराबरोबर संशोधनही चालते. त्यातील दोन-तीन गोष्टी आपल्या घरांशी थेट संबंधित आहेत.

पहिली तोंडाच्या कर्करोगाची. तंबाखू, गुटखा, मावा आणि बायांची मशेरी यांनी आपल्या वस्त्यांत काय केले आहे, हे सांगायला नको. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, पण रोग अजून घरोघरी आहे. गाठ लहान असताना तोंडाचे ऑपरेशन करतात. त्या वेळी मानेत हाताला काही लागत नसते. मग मानेतील ग्रंथी त्याच वेळी काढाव्यात की रोग मानेत उतरल्यावर काढाव्यात? जगभरच्या डॉक्टरांत यावर वर्षानुवर्षे वाद होता. डॉ. अनिल डिक्रूझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ ते २०१४ या काळात टाटा रुग्णालयातील ५९६ रुग्णांना त्यांच्या संमतीने या अभ्यासात घेतले. पहिल्या ५०० रुग्णांचा निकाल २०१५ मध्ये जाहीर झाला. ज्यांच्या मानेतील ग्रंथी पहिल्याच ऑपरेशनमध्ये काढल्या, त्यांच्यातील १०० पैकी ८० जण तीन वर्षांनी जिवंत होते. ज्यांच्या बाबतीत वाट पाहिली, त्यांच्यात हे प्रमाण साडेसदुसष्ट होते. म्हणजे शंभरामागे बारा माणसे जास्त वाचली. आज अशा रुग्णाची मान पहिल्याच वेळी साफ केली जाते, ती या निकालामुळे.

दुसरी गोष्ट गोळ्यांची. तोंडाचा किंवा घशाचा कर्करोग पसरलेला आहे आणि ऑपरेशनने बरा होण्यासारखा राहिलेला नाही, अशा रुग्णाला शिरेतून सिस्प्लाटिन देण्याची रीत होती. त्यासाठी रुग्णालयात जावे लागते. टाटाच्या डॉक्टरांनी ४२२ रुग्णांत त्याची तुलना घरी घ्यायच्या दोन स्वस्त गोळ्यांशी केली. त्यांतली एक म्हणजे वर सांगितलेली मेथोट्रेक्सेट आणि दुसरी सेलेकॉक्सिब. २०२० मध्ये निकाल आला. शिरेतून औषध घेणाऱ्यांचे आयुष्य मध्यमानाने सुमारे सहा महिने भरले, गोळ्या घेणाऱ्यांचे साडेसात महिने. गंभीर त्रासही गोळ्यांत कमी झाला. हा रोग बरा करण्याचा उपाय नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. पण ज्याला विरारहून लोकलच्या गर्दीत परळला जावे लागते आणि सोबतच्या माणसाचा रोज बुडतो, त्याच्यासाठी घरी घ्यायची गोळी आणि हाती आलेला दीड महिना याची किंमत मोठी आहे.

तिसरी गोष्ट स्तनाच्या कर्करोगाची. ऑपरेशनच्या आधी गाठीभोवती भूल देण्याचे साधे इंजेक्शन द्यायचे, दात काढताना देतात त्याच जातीचे. डॉ. राजेंद्र बडवे आणि सहकाऱ्यांनी देशातील ११ केंद्रांत सुमारे १६०० स्त्रियांमध्ये हे तपासले. २०२३ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. इंजेक्शन न घेतलेल्या १०० पैकी सुमारे ८६ जणी पाच वर्षांनी हयात होत्या, घेतलेल्यांपैकी ९०. हे औषध जुने आणि अगदी स्वस्त आहे. त्यावर कोणत्या कंपनीला मोठा नफा मिळणार नव्हता, म्हणून असे प्रश्न सार्वजनिक रुग्णालयांनीच विचारावे लागतात.

डोळ्याच्या बाबतीतही स्वस्त-महाग हा प्रश्न चाचणीनेच सुटला. उतारवयात डोळ्याच्या पडद्याची मधली जागा खराब होते, त्यावर ल्युसेंटिस नावाचे फार महाग इंजेक्शन निघाले. आतड्याच्या कर्करोगावरचे ॲव्हास्टिन अगदी थोड्या मात्रेत डोळ्यात दिले तर चालते, असे डॉक्टरांना दिसले. अमेरिकन सरकारच्या खर्चाने दोन्हींची तुलना झाली आणि २०११ मध्ये निकाल आला. वर्षभरानंतर दोन्ही गटांतील दृष्टी सारखीच सुधारली होती. मात्र ॲव्हास्टिनची मोठी बाटली अनेक रुग्णांत वाटताना स्वच्छता सांभाळली नाही तर डोळा जाऊ शकतो. म्हणून औषधाइतकीच ते देण्याची जागाही पाहावी.

वस्तीतल्या भगिनींची तपासणी

आता एका अशा संशोधनाकडे येऊ, ज्यात लाभ आणि प्रश्न दोन्ही आहेत.

गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग गरीब स्त्रियांना अधिक होतो आणि उशिरा कळतो. शहरात पॅप स्मिअर नावाची तपासणी आहे, पण तिला प्रयोगशाळा लागते, तज्ज्ञ लागतात. म्हणून १९९८ मध्ये टाटा रुग्णालयाने मुंबईच्या झोपडपट्ट्यांत एक सोपी तपासणी करून पाहायला घेतली. गर्भाशयाच्या मुखाला सौम्य ॲसेटिक ॲसिड लावायचे, म्हणजे आपले व्हिनेगार. बिघडलेला भाग काही क्षणांत पांढरा दिसतो. हे काम डॉक्टरांनी केले नाही. शिकवून तयार केलेल्या आरोग्य कार्यकर्त्या भगिनींनी केले, ज्या दहावीपर्यंत शिकलेल्या होत्या.

वीस वस्त्या निवडल्या. दहा वस्त्यांतील ७५,३६० स्त्रियांना दर दोन वर्षांनी चार वेळा तपासणी आणि माहिती मिळाली. दुसऱ्या दहा वस्त्यांतील ७६,१७८ स्त्रियांना सुरुवातीला एकदा कर्करोगाची माहिती दिली, तपासणी नाही. निकाल २०१३ मध्ये जाहीर झाला. तपासणीच्या गटात या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. दहावी शिकलेल्या बाईच्या हातून आणि व्हिनेगारच्या बाटलीने हे झाले. केवढी मोठी गोष्ट! याच वस्त्यांत स्तनांची हाताने तपासणीही झाली. तिचा निकाल २०२१ मध्ये आला आणि पन्नाशीच्या पुढच्या स्त्रियांत स्तनाच्या कर्करोगाचे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी घटल्याचे दिसले. पन्नाशीच्या आतील स्त्रियांत तशी घट दिसली नाही, हेही संशोधकांनी लपवले नाही.

आता प्रश्न. ज्या ७६ हजार स्त्रियांना तपासणी मिळाली नाही, त्यांचे काय? पॅप स्मिअर ही तपासणी उपयोगी आहे हे जगाला माहीत असताना अर्ध्या वस्त्या तपासणीविना ठेवणे योग्य होते का, असा आक्षेप काही डॉक्टरांनी जाहीरपणे घेतला. संशोधकांचे म्हणणे असे, की आपल्या देशात गरीब स्त्रीला प्रत्यक्षात कोणतीच तपासणी मिळत नव्हती. तुलनेशिवाय सरकार या सोप्या तपासणीवर विश्वास ठेवणार नव्हते. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. पण माझ्या मते यातून एक गोष्ट निघते. "प्रत्यक्षात काहीच मिळत नव्हते" ही परिस्थिती निसर्गाने दिलेली नाही. गरिबाला काही मिळत नाही, म्हणून त्याला काही दिले नाही तरी चालते, हा हिशोब आपण मान्य करू नये. म्हणूनच वस्तीत अभ्यास येतो तेव्हा विचारले पाहिजे: दुसऱ्या गटाला काय मिळणार? आणि निकाल चांगला आला तर त्या गटाला ते केव्हा मिळणार?

अविश्वास कुठून आला?

लोकांच्या मनातली भीती अडाणीपणाची आहे, असे म्हणून सुशिक्षितांनी हसू नये. तिला इतिहास आहे.

अमेरिकेतील अलाबामा राज्यात टस्कगी येथे १९३२ पासून सरकारी आरोग्य खात्याने ३९९ काळ्या पुरुषांवर एक अभ्यास केला. बहुतेक गरीब शेतमजूर. त्यांना सिफिलिस हा रोग होता. तो त्वचेपासून मेंदूपर्यंत पोखरतो. त्यांना रोगाचे खरे नाव सांगितले नाही. पुढे पेनिसिलिन हे खात्रीचे औषध आले, तेही दिले नाही. उपचाराविना रोग कसा वाढतो एवढेच पाहत राहिले. १९७२ मध्ये वर्तमानपत्राने हे उघडकीस आणले तेव्हा ४० वर्षे उलटली होती. १९९७ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांनी देशाच्या वतीने माफी मागितली.

आपल्याकडेही २००९ मध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेशातील खम्मम आणि गुजरातमधील वडोदरा जिल्ह्यात मुलींना गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगाची लस देण्याचा प्रकल्प झाला. खम्मममध्ये आदिवासी वसतिगृहांतील अनेक मुलींच्या संमतीपत्रांवर आईवडिलांच्या ऐवजी वॉर्डन किंवा मुख्याध्यापकांच्या सह्या निघाल्या. २०१० मध्ये सरकारने प्रकल्प थांबवला आणि २०१३ मध्ये संसदीय समितीने त्यावर कडक ताशेरे ओढले. काही मुलींचे मृत्यू झाले होते. चौकशीत त्यांचा लसीशी संबंध आढळला नाही. ही लस उपयोगी आहे, हे जगभर सिद्ध झालेले आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने बनवलेल्या देशी लसीला २०२२ मध्ये परवानगीही मिळाली. म्हणजे दोष लसीचा नव्हता. आईबापांना विचारले नाही, हा दोष होता. आणि त्या एका दोषामुळे चांगल्या लसीचे नाव खराब झाले आणि नुकसान पुन्हा गरिबांच्या मुलींचेच झाले.

कायदा काय म्हणतो?

इंदूरसह अनेक ठिकाणच्या तक्रारी घेऊन स्वास्थ्य अधिकार मंच या संघटनेने २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. त्यातून नियम कडक झाले. आज नवीन औषधे आणि औषधचाचणी नियम, २०१९ लागू आहेत. त्यांतील आपल्या कामाच्या गोष्टी अशा:

संमतीपत्र रुग्णाला समजेल अशा भाषेत असले पाहिजे. आपल्याला मराठीत मागता येते. ज्याला वाचता येत नाही त्याला ते वाचून, समजावून सांगताना संशोधनाशी संबंध नसलेला साक्षीदार हजर पाहिजे. सही केलेल्या संमतीपत्राची आणि माहितीपत्रकाची प्रत रुग्णाला मिळाली पाहिजे. नवीन रासायनिक औषधाच्या चाचणीत दुर्बल घटकांतील रुग्ण असेल तर संमती घेतानाचे चित्रीकरण करावे लागते. एचआयव्ही आणि कुष्ठरोगाच्या औषधांत मात्र रुग्णाचा चेहरा उघड होऊ नये म्हणून फक्त आवाज नोंदवतात.

चाचणीमुळे इजा झाली तर वैद्यकीय उपचार मोफत मिळाले पाहिजेत. चाचणीमुळे मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व आले तर भरपाई द्यावी लागते. रुग्णाला कारण न देता केव्हाही बाहेर पडता येते आणि त्यामुळे त्याचे नेहमीचे उपचार बंद करता येत नाहीत.

प्रत्येक अभ्यासाला एथिक्स कमिटीची मंजुरी लागते. तिच्यात किमान सात सदस्य हवेत. त्यांत एक स्त्री, एक कायदा जाणणारी आणि एक सामान्य व्यक्ती असावी लागते. निम्मे सदस्य तरी त्या संस्थेच्या बाहेरचे हवेत. शिवाय केंद्र सरकारची चाचण्यांची नोंदवही २००७ पासून सुरू आहे आणि १५ जून २००९ पासून औषधचाचण्यांची तिच्यात नोंद करणे सक्तीचे झाले. ती नोंद संगणकावर कोणालाही पाहता येते. घरातल्या कॉलेजच्या पोराला नोंदणी क्रमांक द्या, तो पाच मिनिटांत काढून दाखवील.

विचारायचे प्रश्न

सही करण्याआधी पुढील प्रश्न कागदावर लिहून न्यावेत आणि उत्तरेही लिहून घ्यावीत.

१. मी या संशोधनात आलो नाही तर मला कोणता उपचार मिळेल?
२. नव्या उपचारात आणि नेहमीच्या उपचारात फरक काय? कोणता त्रास होऊ शकतो?
३. मी कोणत्या गटात जाणार हे कसे ठरणार? मला ते सांगणार का?
४. जादा तपासण्यांचा, औषधाचा आणि जाण्यायेण्याचा खर्च कोण करणार?
५. किती वेळा यावे लागेल आणि किती वर्षे?
६. रात्री-अपरात्री त्रास झाला तर कोणाला फोन करायचा?
७. नोंदणी क्रमांक काय? एथिक्स कमिटीचा पत्ता आणि फोन कुठे लिहिला आहे?
८. अभ्यास संपल्यावर गुण येणारे औषध मला पुढे मिळणार का?

प्रश्न विचारला म्हणून चांगला डॉक्टर रागावत नाही. गर्दीत त्याला वेळ नसेल, तर "कागद घरी नेऊन उद्या सांगतो" असे नम्रपणे म्हणावे. एका दिवसात सही झालीच पाहिजे असा दबाव कोणी आणत असेल, तर रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात जावे किंवा कमिटीला अर्ज द्यावा. तोंडी बोलू नका. अर्जाची दुसरी प्रत शिक्का मारून घ्या.

एक सावधगिरीही हवी. "आमच्या संशोधनातून निघालेले औषध, कर्करोग एकवीस दिवसांत बरा" अशा जाहिराती भिंतींवर आणि मोबाईलवर फिरतात. तिथे संमतीपत्र नसते, कमिटी नसते, नोंदणी क्रमांक नसतो. फक्त पैसे आधी मागतात. खरे संशोधन आपल्या मर्यादा लिहून देते. खात्री देतो तो बहुधा व्यापारी असतो. त्वचेच्या नायट्यावर दुकानदाराने दिलेले स्टेरॉइडचे मलम असो की डोळ्यात घालायचा कुठला तरी अर्क, पैसे आणि अवयव दोन्ही जातात.

वाचक बंधू-भगिनींनो, ज्या पाचशे रुग्णांनी तोंडाच्या कर्करोगाच्या अभ्यासात भाग घेतला, त्यांची नावे आपल्याला माहीत नाहीत. त्यांतले बरेच आज नाहीत. पण त्यांच्यामुळे आज दर शंभरातली बारा माणसे जास्त जगतात. मुंबईच्या वस्त्यांतल्या दीड लाख स्त्रियांनीही असेच देणे देऊन ठेवले आहे. हे देणे समजून-उमजून दिलेले असावे, कोणी न सांगता काढून घेतलेले नसावे, एवढीच आपली मागणी आहे.

तेव्हा प्रत्येक वाड्यातल्या महिला मंडळाने आणि तरुण मंडळाने एक काम करावे. वस्तीत कोणी मोठ्या आजाराने रुग्णालयात जात असेल, तर त्याच्यासोबत एक लिहिता-वाचता येणारे माणूस पाठवावे. त्याच्याजवळ पेन, वही आणि वरचे आठ प्रश्न असावेत. तीस वर्षांवरच्या भगिनींनी जवळच्या सरकारी दवाखान्यात गर्भाशयाच्या मुखाच्या आणि स्तनांच्या तपासणीची चौकशी करावी. तोंडात दोन आठवड्यांत न भरलेली जखम किंवा पांढरा चट्टा असेल, त्याने तंबाखूची पुडी फेकून आजच तोंड दाखवावे. अंगावर बधिर चट्टा असेल तर लपवू नये. कुष्ठरोगाचे औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळते आणि रोग पूर्ण बरा होतो.